कारणाच्या रकान्यात आजी

सरजाबाई लातुरात दोन वर्षं राहिली ती काही हौसेनं नाही. नात ऋतुजा अकरावीला शिकवणीसाठी लातूरला गेली. खोलीत भाकरी थापायला आणि पोरीला पहाटे उठवायला घरचं एक माणूस लागणार, म्हणून सरजाबाईनं निलंग्याजवळचं गाव, ऊस, सोयाबीन आणि नवरा शेषेराव एवढं सगळं सुनेच्या हवाली केलं आणि गेली. त्या गल्लीत खोलीखोलीत अशाच आया अन् आज्या होत्या. पण सरजाबाईसारखी उठवणारी दुसरी नव्हती. चारच्या ठोक्याला ओला पंचा पोरीच्या तोंडावरून फिरायचा. हळूहळू शेजारच्या बायका आपापली पोरं तिच्या खोलीत वाचायला आणून बसवायला लागल्या, कारण तिथं डुलकी घ्यायची कुणाची छाती नव्हती. सरजाबाईची स्वतःची शाळा दुसरीपर्यंत. पुस्तक तिला कळत नव्हतं, पण पुस्तकापुढं बसलेल्याचे डोळे बरोबर कळायचे.

ऋतुजाचा नंबर नांदेडला मेडिकलला लागला तेव्हा पेढे वाटताना सरजाबाई दारोदार एकच गोष्ट सांगत फिरली, की पोरगी दोन वर्षं रोज चार तासच झोपली म्हणून डॉक्टर झाली. डॉक्टर व्हायला अजून साडेपाच वर्षं होती, पण असल्या बारीकसारीक गोष्टींत ती पडत नसे.

हॉस्टेलात आजीला ठेवून घेत नाहीत. मग सरजाबाईनं मोबाईल धरला. रोज पहाटे चारला फोन. नुसतं ‘उठले’ म्हणून भागायचं नाही, मोठ्यानं वाचून दाखवायचं. इकडं फोन चुलीजवळच्या फळीवर उभा आणि सरजाबाईची झाडलोट चालू. तिकडं खोलीतल्या मुली जाग्या होऊ नयेत म्हणून ऋतुजा जिन्यात बसून इंग्रजी वाचायची. आवाज जरा सैल पडला की फोनमधून ‘ए’ ऐकू यायचं. पाच-सहा महिन्यांत सरजाबाईला अर्ध्या अंगातल्या हाडांची नावं पाठ झाली. शेषेरावांच्या दुखऱ्या गुडघ्याला ती इंग्रजी नावानं हाक मारायला लागली.

आणि एक दिवस कॉलेजातून मॅडमचा फोन आला. तो नेमका शेषेरावांनी घेतला. नात दुपारच्या लेक्चरला बाकावर डोकं टेकून झोपते, पहिल्या परीक्षेत तिला शंभरात एकतीस मिळालेत, तीन आठवड्यांनी दुसरी परीक्षा आहे, तीत भर पडली नाही तर मोठ्या परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष मागं पडेल. तरी घरचं कुणीतरी येऊन भेटावं.

“शिकवणाऱ्यातच दम नसंल,” सरजाबाई म्हणाली. “कीर्तनात माणूस झोपलं तर आपण कुणाला बोल लावतो?”

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती निघाली. लातूरला गाडी बदलली. नांदेडला पोचेपर्यंत बारा वाजून गेले. पिशवीत शेंगदाण्याची चटणी होती आणि मॅडमला काय काय ऐकवायचं ते सगळं वाटेतच जुळवून झालं होतं.

मॅडमचं नाव महामाया. मूळच्या हदगावकडच्या, बुटक्या, शांत, आणि समोरच्याला शेवटपर्यंत बोलू देणाऱ्या. शरीराचं काम कसं चालतं ते त्या पहिल्या वर्षाला शिकवायच्या. सरजाबाईनं वाटेत जुळवलेलं सगळं ऐकवलं. मॅडमनी चहा मागवला. मग सांगितलं की यंदा पहिल्या वर्षाच्या सगळ्या पोरांकडून त्यांनी एक फॉर्म भरून घेतलाय. किती तास झोपता, कशामुळं कमी झोपता, वाचताना, बसमध्ये, जेवल्यावर डोळा लागतो का, असं सगळं त्यात विचारलंय. दिवसा पेंगणाऱ्यांचे मार्क बहुतेक कमीच निघाले.

सरजाबाईनं लगेच विचारलं, की मग जे पेंगत नाहीत ते सगळे पास आहेत का. मॅडम हसल्या. म्हणाल्या, तसं नाही, पोटभर झोपून नापास झालेलेही चार-पाच आहेत. सरजाबाईला निम्मं भांडण जिंकल्यासारखं वाटलं.

“तुमचा फॉर्म भरू का, आजी? दिवसा झोप येते?”

“आमच्या घरात दिवसा झोपणारं माणूस एकच, आमचे मालक. मला नवं लुगडं देतो म्हणलं तरी दिवसा डोळा लागत न्हाई.”

मॅडमना दोनचं लेक्चर होतं. शेजारी बसलेल्या ऋतुजालाही त्याच लेक्चरला बसायचं होतं. घंटाभरात येतो, बसा, म्हणून दोघी गेल्या. सरजाबाई खुर्चीत ताठ बसली. वर पंखा संथ फिरत होता. भिंतीवर माणसाच्या सापळ्याचं चित्र होतं. त्याची हाडं वरून मोजत मोजत ती कंबरेपर्यंत आली.

डोळे उघडले तेव्हा ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं आणि तिच्या अंगावर कुणाचा तरी पांढरा ॲप्रन होता. मॅडम समोर बसून आवाज न करता कागद चाळत होत्या. कोपऱ्यातल्या स्टुलावर ऋतुजा होती. दारातला शिपाईसुद्धा कपबश्या अशा उचलत होता की जणू घरात पाळणा टांगलाय. घड्याळात पावणेचार झाले होते.

सरजाबाईनं पदर सारखा केला. “मला उठवलं का न्हाई?”

“कशाला उठवायचं?” मॅडम म्हणाल्या. “चांगली झोप लागली होती.”

लग्न होऊन आली तेव्हापासून असं सरजाबाईला कुणी म्हटल्याचं आठवेना. सासू उठवायची, मग पोरं उठवायची, मग म्हशी. आणि आता डोकं घासलेल्या तांब्यासारखं लख्ख झालं होतं. सकाळपासून जुळवलेल्या भांडणातलं मात्र काहीच त्यात उरलं नव्हतं.

तिनं ऋतुजाचा फॉर्म वाचून दाखवायला सांगितलं. मॅडमनी ऋतुजाकडं पाहिलं. तिनं मान डोलावली. झोपेचे तास, चार. कमी झोपेचं कारण, अभ्यास.

“कसला अभ्यास?” सरजाबाई नातीकडं वळली. “पहाटं मला वाचून दाखवतीस, ते ध्यानात राहतं का गं?”

ऋतुजा म्हणाली, “तुला राहतं, आज्जे. मला न्हाई.”

मॅडमना हे फोनचं काहीच माहीत नव्हतं. ऋतुजानं सगळं सांगितलं, जिन्यासकट. मॅडम रागावल्या नाहीत. दिवसा वाचलेलं रात्री झोपेतच डोक्यात पक्कं बसतं, एवढंच त्यांनी सांगितलं. पुढचं सरजाबाईला सांगायची गरज पडली नाही. विरजण लावून रात्रभर कुणी भांडं ढवळत बसलं तर दही लागेल का, हे तिला कुठल्याही मॅडमपेक्षा जास्त कळत होतं. पाच-सहा महिने ती तेच करत होती.

“ते अभ्यास खोडा, म्याडम,” ती म्हणाली. “तिथं आजी लिहा.”

ऋतुजानं चमकून वर पाहिलं. आजीनं चूक आपल्या अंगावर घेतलेली तिनं जन्मात पाहिली नव्हती. मॅडमनी पेन उघडलं, पण सरजाबाईचं अजून झालं नव्हतं.

“आणि खाली हे बी लिहा, की हिचा नंबर लागला तो बी आजीमुळंच.”

खाली जागा नव्हती. मॅडमनी ते बाजूला उभं लिहिलं.

पुढचे तीन आठवडे सरजाबाईला फार जड गेले. चारला डोळा उघडायचाच, हात फोनकडं जायचाच. एकदा तर नंबर लावून झाला आणि वाजायच्या आत तिनं कापला. शेवटी रोज रात्री फोन ती शेषेरावांच्या उशाखाली ठेवू लागली, कारण त्यांच्या डोक्याखालून काही काढायचं म्हणजे आधी त्यांना उठवावं लागायचं, आणि ते काम गावात कुणाला जमलेलं नव्हतं. कॉलेजात नात काय करत असेल या घोरानं तिचं जेवण कमी झालं. वर्ष मागं पडलं तर गावात तोंड कुठं दाखवायचं? आणि पोरीला काय सांगायचं, की आधी माझं ऐकून बुडालीस आणि मग मॅडमचं ऐकून?

निकाल शनिवारी सायंकाळी लागला. ऋतुजाचा फोन आला तो रविवारी सकाळी आठला, आवाजात अजून अंथरूण होतं. चौसष्ट मिळाले होते. मोठ्या परीक्षेला बसायला मिळणार होतं.

सरजाबाई खाली बसली. डोळ्याला पदर लावला. मग तिनं विचारलं, “बाकीचे छत्तीस कुठं गेले?”

ऋतुजा हसायला लागली. म्हणाली, रात्रीच सांगणार होते, पण तू झोपली असशील म्हणून नाही केला फोन. आज सुट्टी आहे, अजून जरा पडू का?

ऊन छपरावर चढलं होतं. गल्लीत झाडून-सारवून सगळ्या बायका मोकळ्या झाल्या होत्या. सरजाबाईनं एकदा बाहेर पाहिलं.

“पड,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बातमी कशी कोण जाणे गल्लीत पोचलीच. शेजारची केवळाबाई हातवारे करत, दारापासूनच मोठ्यानं बोलत आली, की पेढे कुठंयत, किती मार्क पडले, फोन लाव बघू पोरीला.

सरजाबाईनं ओठावर बोट ठेवलं.

“हळू बोल की बाई. पोरगी झोपलीय.”

केवळाबाईनं दचकून आवाज खाली आणला, आणि पाऊल न वाजवता आत डोकावून पाहिलं. आत शेषेराव घोरत होते.