सापामागून उंदीर

सून शिकलेली असावी, पण पोरीच्या हातातलं पुस्तक हिसकावून कपाटावर टाकण्याइतकी शहाणी नसावी! धोंडूबाईंना दिपालीची ही रीत मुळीच पटली नव्हती.

आठ वर्षांची मनाली शाळेत जात नसे. दिपाली पूर्वी शाळेत बाई होती. वर्गात पोरं मेंढरांसारखी कोंबतात, म्हणून लेकीला तिने घरीच शिकवायला घेतलं. धोंडूबाईंनी तेव्हा कपाळाला हात लावला होता. पुढे नात पेपर घडाघडा वाचू लागली, तशी हीच आजी साऱ्या टेमघर गावात मिरवून आली. पण मनालीला वेड सापांचं. तेच एक पुस्तक, पानं सुटी होईस्तोवर. शेवटी दिपालीने ते काढून घेतलं आणि नव्या पुस्तकांची चळत पुढ्यात ठेवली. पोरीने एकालाही हात लावला नाही. बाप दीपेश वैतागला, "असंच चालणार असेल तर जूनपासून शाळा."

शाळा! म्हणजे टेमघरभर नाक कापलं जाणार, तेही धोंडूबाईंचं.

दुपारी लाईट गेली, गल्लीतले कापड विणायचे लूम गप्प झाले. दिपाली बाजारात गेलेली. धोंडूबाईंनी स्टूल ओढलं, सापाचं पुस्तक काढलं आणि नातीच्या मांडीवर टाकलं.

"मला एक सांग गो. त्या कोन गावातल्या आपल्या गोदामात परवा धामण निघाली. शेत होतं तवा ठीक. आता तिथं नुसते कापडाचे तागे. ती काय साडी नेसणार हाय?"

मनाली खुदकन हसली. "उंदीर खायला येते, आजी."

"आन् उंदीर कशाला येतात? तागे खायला?"

मनालीने पानं उलटली. "यात नुसते साप आहेत."

"मग कशात हाय?"

पोरगी चळतीकडे वळली. एक पुस्तक उघडलं, ठेवलं. दुसरं चाळलं. गलबताचं चित्र असलेल्या पुस्तकावर मात्र थबकली.

"आजी, इथे उंदीर आहेत! जहाजावर!"

"पाण्यात? चढले कसे मेले?"

"बंदरात बांधलेल्या दोरावरून. आणि शिडाचं कापड कुरतडून त्यात पिल्लं घालायचे!"

"आगो बाय! म्हंजे आपल्या ताग्यांची पण हीच गत!" दुसरी नापास धोंडूबाई सरसावून बसल्या. "आपल्या खाडीत सासऱ्यांचं गलबत लागायचं. त्याच्यावर पण असतील काय?"

"थांब, पुढे बघते."

तेवढ्यात दिपाली दारात. पुस्तक बघून तिचा चेहरा उतरला. "आई, ते मी मुद्दाम वर ठेवलं होतं. पुन्हा तेच घेऊन बसेल ती."

धोंडूबाईंनी मानही वळवली नाही.

"शिकलीस गो तू, पण म्हैस पाळली न्हायस. नवी वैरण जुनीत मिसळून घालतात. जुनी उचलून नेली तर जनावर नव्याला तोंड लावत न्हाय. साप राहील पोरीच्या मांडीवर, बाकीचं येईल त्याच्या मागून. दीपेशला मी बघते. आता पिशवी ठेव आन् गप बस, जहाज बंदराला लागतंय."