ग्रेनकेरची पहिली कमान

ग्रेनकेरला चर्च नव्हतं, दफनभूमी नव्हती आणि गावात कुणाचे आजोबाही नव्हते. पंचवीस वर्षांपूर्वी रूळ कुणाच्या हद्दीतून न्यायचे यावरून दोन जुन्या गावांनी असा घोळ घातला, की वैतागलेल्या इंजिनियरांनी मधल्या ओसाड माळावरच स्टेशन ठोकून दिलं. मागोमाग दुकानदार आला, लोण्याची डेअरी आली, खाणावळ आली. प्रत्येक जण वेगळ्या मुलखातला. सगळ्यांचं सारखं असं एकच होतं, ते म्हणजे स्टेशनावरचं घड्याळ.

थोरा आणि लाउस्ट सगळ्यांच्या आधीचे. लाउस्ट सांधेवाला, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलणारा. लग्न झाल्या आठवड्यातच दोघांनी स्टेशनापुढे अर्ध्या मैलावर, रुळांकडेच्या चौकीत संसार मांडला. आता त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती, आणि गावातला लग्नाचा हा पहिलाच रौप्यमहोत्सव.

अशा दिवशी शेजारी पहाटे गुपचूप येऊन दारावर हिरव्या फांद्यांची कमान उभारतात, मग बँड वाजवून जोडप्याला उठवतात. तोवर जोडप्याने काहीच ठाऊक नसल्यासारखं पडून राहायचं. ही रीत सगळ्या मुलखात एकच.

"पण तुला कमान बांधणार कोण गं?" थोराच्या थोरल्या बहिणीने, आब्लोनेने, आठवडाभर आधीच विचारलं होतं. तिला ऑस्टरवंग गावातल्या जुन्या घराण्यात दिलेली. "कमान शेजारी बांधतात. तुमच्याकडे नुसते उतारू. जिथे अजून एक माणूस पुरलेलं नाही, ते कसलं गाव?"

"मरायला सवड कुणाला आहे, ताई?" थोरा म्हणाली खरी, पण ते तिच्या जिव्हारी लागलं. कमानीचं तिला एवढं वेड नव्हतं. आपण पंचवीस वर्षं जिथे राहिलो तिथे आपलं कुणी आहे का, एवढंच तिला कळायला हवं होतं.

त्या दिवशी लाउस्टला रजा होती. एरवी थोरा रोज सहाला कॉफीची किटली घेऊन फलाटावर जायची आणि अर्धं गाव ती प्यायचं. आज ती पाचपासून रेशमी पोशाख घालून दुलईखाली पडून होती. बाहेर चिटपाखरू नव्हतं. सहा वाजले, सव्वासहा झाले.

"मी जरा बघून येतो," लाउस्ट म्हणाला.

"उठायचं नसतं," थोरा म्हणाली. "कुणी येणार नाही, लाउस्ट. ताई बरोबर बोलली."

लाउस्ट काहीतरी समजूत घालायला गेला आणि एकदम ताडकन उठून बसला. "थोरा, सहा-दहाची गाडी गेली का?"

गेली नव्हती. स्टेशनमास्तर बाल्स्लेवनी कधी पाद्र्यासाठीही गाडी थांबवली नव्हती. दोघं रीतभात विसरून अनवाणीच दाराकडे धावले.

गाडी येत होती, पण बैलगाडीच्या चालीने. इंजिनामागच्या उघड्या डब्यात डेअरीचे सहा गडी एक भलीमोठी हिरवी कमान धरून उभे होते आणि त्यांच्या मधे बँड जीव तोडून वाजवत होता. गाडी चौकीसमोर थांबली. मास्तर घामाघूम होऊन खाली उतरले.

"अहो, होतात कुठे तुम्ही दोघं? पाचपासून सगळं गाव फलाटावर ताटकळतंय!"

"फलाटावर?" थोरा म्हणाली. "कमान तर घराच्या दारावर लावतात."

मास्तर गोंधळले. "आम्हाला वाटलं, आपल्या गावाचं दार म्हणजे स्टेशनच. आणि कॉफी घेऊन तुम्ही येणारच."

थोरा हसता हसता रडायला लागली. गड्यांनी कमान दाराला टेकवली आणि ती हातभर उंच निघाली, कारण माप फलाटाच्या दाराचं घेतलेलं. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. थोराने आठवडाभर चोरून भाजलेले सात प्रकारचे केक बाहेर आले. खिडक्या-खिडक्यांतून हात पुढे झाले आणि बशा गाडीभर फिरू लागल्या.

मधल्या डब्यातून आब्लोने उतरली. मेजवानीला म्हणून निघालेली ती याच गाडीत फलाटापाशी अडकली होती. तिने त्या गर्दीवरून नजर फिरवली.

"यातले तुझे शेजारी कुठले गं?"

थोराने रुमालाने नाही, सरळ रेशमी बाहीनेच डोळे पुसले.

"जे आज कामावर उशिरा पोचणार आहेत ना ताई, ते सगळे."