हद्दीपलीकडची रायफल

लोवेलचं डोकं सकाळपासूनच फिरलेलं होतं. यंदा बापाची रायफल आयडाहोत त्याच्याकडे यायची पाळी, शिकारीचा हंगाम तोंडावर आलेला, आणि मोंटानातला धाकटा भाऊ गार्थ फोनवर खुशाल म्हणतो, "अरे, अर्ज करायचा राहिलाच!"

राहिला म्हणे! खेचरावर बसून जंगलात नेता यावी म्हणून बापानं रीतसर कागद करून नळी आखूड करून घेतलेली ती रायफल. तसली बंदूक सरकारच्या मंजुरीशिवाय राज्याची हद्द ओलांडत नाही, हे काय गार्थला आज कळलं? म्हातारा मोठा बेरकी. पोरं भांडतील म्हणून त्यानं जिवंतपणीच वकील गाठला, ट्रस्ट केला, रायफल ट्रस्टच्या नावावर केली आणि दोघांनाही विश्वस्त नेमलं. एक वर्ष याच्याकडे, एक वर्ष त्याच्याकडे. ज्याच्या घरी बंदूक, त्यानं उन्हाळ्यातच अर्ज धाडायचा, असं भावाभावांत ठरलेलं.

"तोंडावर झापल्याशिवाय मला चैन पडायचं नाही," असं बायकोला, नॅडीनला सांगून लोवेलनं पिकअप काढला आणि घाट ओलांडला.

गार्थनं दार उघडलं तर आत हरणाच्या मांसाचं कालवण रटरटत होतं. टेबलावर दोन ताटल्या, मक्याचा ब्रेड. पलीकडच्या खोलीत पलंगावर धुतलेली चादर.

"हा काय थाट?" लोवेल गुरकावला. "इथलं शिकारीचं लायसन्स नाही माझ्याकडे. मी इथं करू काय?"

"माझे घोडे सांभाळ. आणि चिडचिड कर. तिला लायसन्स लागत नाही."

"गार्थ, खरं सांग. विसरलास तू?"

गार्थ कालवण ढवळत राहिला. मग पाठमोराच बोलला, "नाही विसरलो. दर खेपेला तू येतोस, गाडी चालूच ठेवतोस, बंदूक घेतोस की निघालास. मारलिस होती तेव्हा चालून जायचं. आता ती गेल्यापासून घर खायला उठतं रे. म्हटलं, बंदूक अडली तर भांडायला तरी येशील."

लोवेलला एकदम भरून आलं. भावजयीच्या, मारलिसच्या दफनविधीलाही तो जेवायला थांबला नव्हता. स्वतःचीच लाज वाटली त्याला. त्यानं बाहेर जाऊन गाडी बंद केली, जाकीट खुंटीला अडकवलं आणि खुर्ची ओढली. पहिल्याच घासाला जीभ पोळली, तरी त्यानं आणखी वाढून घेतलं.

तेवढ्यात नॅडीनचा फोन. "काय रे, मिळाली का बंदूक?"

"छे. मंजुरी नाही. ती येईपर्यंत मी इथंच राहतो म्हणतोय."

"बरं. पण अर्ज तरी धाडलात का?"

लोवेलनं भावाकडे पाहिलं. गार्थ कालवणाचा डाव हातात तसाच धरून उभा होता.

"धाडू की," लोवेल म्हणाला. "घाई कुणाला आहे?"