चौदा तासांची शांतता

माणसाचा कान तपासण्यापूर्वी त्याला किमान चौदा तास शांततेत ठेवावे लागते. ही अट कुणाच्या लहरीतून आलेली नाही. मोठ्या आवाजात काही तास काढलेला कान थकतो, थकलेल्या कानाला बारीक स्वर ऐकू येत नाहीत, आणि विश्रांती मिळाली की तो बराचसा पूर्ववत होतो. थकलेला कान तपासून जो आकडा मिळतो, तो त्या माणसाचा नसून त्या दिवसाचा असतो. प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येक तुकडीला मी हे पहिल्याच तासाला सांगतो. बारा वर्षांपूर्वी एका कारखान्यात मात्र मी स्वतःच ही अट पाळली नाही.

त्या कारखान्यात तापवलेल्या लोखंडापासून चाकांचे अवजड आस ठोकून घडवतात. ठोकणाऱ्या यंत्राला कामगार हॅमर म्हणतात. दर चार सेकंदांनी दोन टनांचे धूड खाली येते आणि जवळ उभ्या माणसाच्या कानाशी एकशे बारा डेसिबलचा आवाज होतो. कामगारांच्या श्रवणाची पहिली तपासणी करून ती नोंद कायम जपावी, दरवर्षी नवी तपासणी त्या पहिल्या नोंदीशी ताडून पाहावी आणि फरक दहा डेसिबल झाला की कामगाराला शांत विभागात हलवावे, असा नियम त्या वर्षी नुकताच आला होता. पहिल्या तपासणीचे कंत्राट मला मिळाले. व्यवस्थापनाने दोनशे बारा माणसांसाठी दोन दिवस दिले. पाळी सुरू होण्यापूर्वी माणसे बोलवायची तर जादा वेळेचे पैसे द्यावे लागले असते. म्हणून त्यांना आठ-आठच्या टोळ्यांनी थेट हॅमरवरून माझ्या तपासणीच्या गाडीत पाठवण्यात आले. घामेजलेली, आणि एकमेकांशी ओरडून बोलणारी.

अर्जात एक रकाना होता : ‘तपासणीपूर्वी चौदा तास शांतता : होय / नाही’. ‘नाही’ निवडले की संगणक पुढचे पान उघडत नसे. मी दोनशे बारा वेळा ‘होय’ निवडले.

मी हे निष्काळजीपणे केले असते तर एक वेळ बरे झाले असते. मी विचार करून केले. थकव्यामुळे कान आहे त्यापेक्षा वाईट दिसेल, म्हणजे चूक झालीच तर सावधगिरीच्या बाजूने होईल, असे माझे गणित होते. आजाराचे निदान करताना हे गणित बरोबर असते. पहिली नोंद करताना ते नेमके उलटे पडते. सुरुवात जितकी वाईट दिसेल, तितके पुढचे नुकसान कमी दिसते. हे समजायला कुणी हुशार असावे लागत नाही. मला दोन वर्षे लागली, आणि समजल्यावर पुढची दहा वर्षे मी गप्प राहिलो.

त्या दोनशे बारांत माझे भाऊजी होते, ताईचे यजमान. नोकरीला लागून त्यांना तेव्हा तीन आठवडे झाले होते.

यंदाच्या तपासणीला ते सकाळीच, पाळीच्या आधी आले. आताशा वार्षिक तपासणी नियमाप्रमाणे सकाळीच होते.

“काय मेहुणे, यंदा तरी पास करणार का?”

“यात पास-नापास नसतं, भाऊजी.”

“मग दरवर्षी बोलावता कशाला? चहा तर कधी विचारत नाही.”

मी त्यांना तपासणीच्या पेटीत बसवले. ही कपाटाएवढी पेटी असते. जाड दार, कडेला रबर, आत एक स्टूल. कानांवर फोन लावायचे आणि स्वर ऐकू आला की हातातले बटण दाबायचे. बाहेर माझ्यासमोर आकडे उमटत गेले. नियमात तीन उंच स्वरांची सरासरी धरतात. पहिली नोंद बेचाळीस, आजची एकोणपन्नास. फरक सात.

भाऊजींना दहा हवे होते. कारखान्यात शांत म्हणावा असा एकच विभाग आहे, हत्यारांचे भांडार, आणि तिथला भांडारपाल तीन महिन्यांनी निवृत्त होणार होता. ती जागा एकदा भरली की पुढची वीस वर्षे रिकामी होण्याचे कारण नव्हते. भाऊजी चव्वेचाळीस वर्षांचे आहेत. हॅमरवर आणखी सोळा वर्षे काढली तर त्यांचे उरलेले श्रवणही जाईल, हे सांगायला यंत्र लागत नाही.

“किती?” त्यांनी दार उघडल्याउघडल्या विचारले.

“सात.”

“तीन कमी! शाळेतही माझं असंच व्हायचं बघा.” ते हसले. मग म्हणाले, “तुमच्या ताईला तुम्हीच सांगा. ती माझ्यावर ओरडते. म्हणजे तशी ती ओरडूनच बोलते आता, पण त्यातही फरक कळतो.”

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. कामगारांची वसाहत कारखान्याच्या भिंतीला लागून आहे. मध्ये झाडांच्या दोन रांगा आहेत. त्या आवाज अडवतात असे कंपनीच्या अहवालात दरवर्षी छापले जाते. झाडांच्या दोन रांगा एखाददुसरा डेसिबल अडवतात. त्या झाडांवर मला बारा वर्षांत एकही घरटे दिसलेले नाही. याला मी पुरावा म्हणत नाही, निरीक्षण म्हणतो. ताईला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू होऊन पाच वर्षे झाली, तिच्या चाळीतल्या नऊ बायकांपैकी सहा जणी त्याच गोळ्या घेतात, तेही निरीक्षणच.

ताई भाजी निवडत होती. भाऊजी पलीकडे खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. मी सात हा आकडा सांगितला. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

“मला एक सांग,” ती म्हणाली. “हे कामाला लागले तेव्हा मी आतल्या खोलीतून पुटपुटले तरी यांना ऐकू यायचं. पुटपुटायची सोय नव्हती मला. आता मी कानाशी जाऊन बोलते, तर यांना फक्त ओठ हललेले दिसतात. परवा लेकीनं विचारलं, शहरात खोली घेऊन राहू का. हे म्हणाले, राहा. यांना वाटलं, मैत्रिणीकडे जेवायला राहू का म्हणतेय. आणि तुझा कागद म्हणतो, फरक सात?”

“कागद पहिल्या नोंदीशी तुलना करतो.”

“मग पहिल्या नोंदीतच हे अर्धे बहिरे होते का?”

हा प्रश्न बारा वर्षांत एकाही अधिकाऱ्याने, डॉक्टरने किंवा लेखापरीक्षकाने विचारला नव्हता. मी तिला सगळे सांगितले. पाळीच्या मध्यावर तपासले, थकलेले कान तपासले, रकान्यात ‘होय’ लिहिले. मी हळू आवाजात सांगितले.

“काय म्हणतोय तो?” भाऊजींनी वर्तमानपत्र खाली केले.

“म्हणतोय, चूक त्याची आहे!” ताई ओरडली.

“कोणाची?”

“त्याची! माझ्या भावाची! पहिली तपासणी चुकीची केली! खोटं लिहिलं!”

शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. भाऊजींनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, “अहो, मग दुरुस्त करा की. त्यात काय.”

आठवडाभराने मी कंपनीला पत्र लिहिले. पहिल्या सर्व नोंदी सदोष आहेत, दोष माझा आहे, आणि खरे नुकसान नोंदीत दिसते त्यापेक्षा सरासरी पंचवीस-तीस डेसिबलने अधिक असावे, असे त्यात आकड्यांसह मांडले. पत्र तीन पानांचे होते. आजही मला त्यात तांत्रिक चूक सापडत नाही.

सुरक्षा अधिकाऱ्याने मला बोलावून घेतले. सौम्य माणूस, त्याने माझे पत्र खरोखरच वाचले होते, महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या.

“तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं,” तो म्हणाला. “आम्ही पत्र मान्य केलं आहे. पूर्णपणे. पहिल्या सगळ्या नोंदी रद्द.”

“म्हणजे या माणसांना हलवणार?”

“कशाच्या आधारावर? नोंदीच रद्द झाल्या ना.” त्याने नियमांची पुस्तिका माझ्याकडे सरकवली. वैध पहिली नोंद उपलब्ध नसल्यास यापुढे होणारी पहिली वैध तपासणी हीच पहिली नोंद समजावी, असे एक कलम होते. मी ते पूर्वी वाचले होते. नव्या कामगारांसाठी आहे असे समजून पुढे गेलो होतो.

“यानं सगळ्यांचा फरक शून्य होईल,” मी म्हणालो.

“हो. नव्यानं सुरुवात.”

“त्यांचे कान नव्याने सुरू होणार नाहीत.”

“तो वैद्यकीय मुद्दा झाला.”

“नोकरीला घेताना डॉक्टरने कान तपासले असतील. ती नोंद तरी धरा.”

“तपासले होते. डॉक्टर मागे उभा राहून कुजबुजायचा, उमेदवारानं शब्द परत सांगायचा. प्रत्येकाच्या कागदावर ‘ठीक’ लिहिलंय. ‘ठीक’ म्हणजे किती डेसिबल, हे तुम्हीच सांगा. तज्ज्ञ तुम्ही आहात.”

मी पत्र मागे घेण्याविषयी विचारले. त्याला खरेच वाईट वाटले असावे. “मागे घेतलंत,” तो म्हणाला, “तर तुम्ही खोटं तेव्हा लिहिलं की आता, हे मला वर कळवावं लागेल. तुमची एकही नोंद मग कुठेच चालणार नाही. या माणसांसाठीसुद्धा नाही.” मी पुस्तिका परत केली.

नव्या तपासण्या टोळ्याटोळ्यांनी, दर सोमवारी सकाळी ठेवल्या. रविवारी कारखाना बंद असतो. वसाहतीत आठवड्यातून एकदा शांतता असते आणि कान तपासायला ती पुरते. या वेळी मी शनिवारी घरोघर पत्रक वाटले, रविवारी दुपारी वसाहतीत फिरून आलो, मोजणीयंत्र लावून खात्री केली. काम निर्दोष झाले.

भाऊजी स्टुलावर बसले आणि फोन चढवण्याआधी म्हणाले, “आज जास्त ऐकू येतंय असं दाखवलं, तर पुढं फायदा आहे ना?” त्यांनी नियम स्वतःच उलगडला होता.

“ऐकू आलं तरच दाबा, भाऊजी.”

“बरं. गंमत केली.”

मी दार लावले. तिसऱ्या स्वराला मी मध्ये मुद्दाम लांब विराम सोडला. तशी पद्धत असते. बटण दाबले की बाहेर माझ्यासमोर दिवा लागतो; तो विरामात लागला. पुन्हा विराम सोडला, पुन्हा लागला. मी दार उघडले.

“भाऊजी, मी स्वर सोडलाच नव्हता.”

“मला ऐकू आला.”

“असं करू नका. माझ्या लक्षात येतं.”

“आईशप्पथ, ऐकू आला. शिट्टी. ती असतेच हो कायम, पण या पेटीत आलं की मोठी होते. तुमची कुठली आणि माझी कुठली, ते कळत नाही. दरवर्षी अंदाजानं दाबतो.”

कानात आपोआप आवाज येतो का, हा प्रश्न अर्जात असतो. कारखान्यातली परिचारिका तो दरवर्षी विचारते. त्यांच्या बारा अर्जांवर ‘नाही’ लिहिलेले आहे. मी त्यांना कारण विचारले.

“मला वाटलं, सगळ्यांनाच येतो. हॅमरवर सगळ्यांना येतो. सगळ्यांना येतो तो काय सांगायचा?”

कानात शिट्टी वाजणाऱ्या माणसाला सलग स्वर देत नाहीत, तुटक देतात. टप्प्याटप्प्याने वाजणारा स्वर यंत्राचा, सलग वाजणारा त्याचा स्वतःचा. मी यंत्राची कळ फिरवली, त्यांना समजावले आणि तपासणी पहिल्यापासून केली. या वेळी विरामात दिवा लागला नाही. पुष्कळ स्वरांनाही लागला नाही. गेली काही वर्षे जे स्वर त्यांना ऐकू येतात अशी माझ्याकडे नोंद होती, त्यांतले बरेच त्यांनी शिट्टीवरून ओळखले होते.

सरासरी छप्पन्न आली. मी यंत्र पडताळून पुन्हा घेतली. छप्पन्नच.

भाऊजी बाहेर येऊन माझ्यामागे उभे राहिले आणि पडद्यावरचा आकडा त्यांनी वाचला. हिशेबात ते पक्के आहेत. आस मिलिमीटरच्या भागांत मोजतात.

“जुना बेचाळीस होता ना?”

“हो.”

“मग चौदा झाले. दहाच लागत होते.”

“झाले असते. जुनी नोंद रद्द झाली.”

“तुमच्या पत्रानं.”

“हो.”

त्यांनी मान हलवली. रागावलेले दिसले नाहीत. एखादा आस भट्टीतून बाहेर येताच तडकलेला दिसावा आणि बाजूला टाकावा लागावा, तसा चेहरा होता. “म्हणजे पत्र न लिहिता नुसतं नीट तपासलं असतं, तरी भांडारात गेलो असतो.”

“हो.”

“आता पुन्हा शून्यापासून.”

“हो.”

“मग पुढचे दहा किती वर्षांत होतील?”

याचे उत्तर मला ठाऊक होते. आवाजाने होणारे नुकसान उंच स्वरांवर पहिल्या दहा-बारा वर्षांत सर्वांत झपाट्याने होते. नंतर तिथे जाण्यासारखे फारसे उरत नाही आणि आलेख सपाट होतो. पुढची घसरण खालच्या स्वरांकडे, माणसाच्या बोलण्याकडे सरकते. ते स्वर नियमाच्या सरासरीत धरलेले नाहीत. भाऊजींना लेकीचे बोलणे, मग ताईचे, मग सगळ्यांचेच ऐकू येईनासे होईल, आणि त्या सर्व काळात त्यांच्या कागदावरचा फरक बहुधा दहाच्या आत राहील.

“सांगता येत नाही,” मी म्हणालो.

“काय?”

“सांगता येत नाही!”

“बरं.” त्यांनी खिशातून फोमचे बोळे काढले आणि एकच, उजव्या कानात बसवला. डावा कान ते उघडा ठेवतात. सोबत्याने हाक मारली तर कळावी म्हणून. पाळी सुरू व्हायला सहा मिनिटे होती. ते गाडीच्या पायऱ्या उतरून हॅमरकडे गेले. मी नोंद पूर्ण केली, फरकाच्या रकान्यात शून्य लिहिले आणि पुढच्या माणसाला आत बोलावले. त्याने पहिल्या हाकेला वळून पाहिले नाही.