उघाडीपाशी

नीलच्या पायांना चार वर्षं काही कळत नव्हतं. कड्यावर चढताना दोर निसटला, तो खाली खडकावर आपटला आणि बेंबीखालचं शरीर त्याच्यापुरतं संपलं. रोज संध्याकाळी त्याच्या आई, वासंतीबाई, त्याचे घोटे, टाचा, पोटऱ्या उलटसुलट करून बघायच्या. खरचटलं, भाजलं, काही रुतलं, तरी त्याला समजायचं नाही.

डोंबिवलीहून दर रविवारी सकाळी तो हातांनी चालवायची गाडी घेऊन कोलशेतला यायचा. तिथं खाडीत योगिनी कयाक शिकवायची. ती खाडीकाठच्या गावातलीच, मासेमारी करणाऱ्या घरातली. व्हीलचेअरवरून थेट बोटीत सरकता यावं म्हणून तिनं काठाला उतार आणि रुंद फळी बसवून घेतली होती. सपाट, उघडी बोट, पाठीला उंच टेकू, दोन्ही बाजूंना तरंगते पाइप. एकदा वल्हं हातात आलं की नील धडधाकट पोरांनाही मागे टाकायचा.

तिसऱ्या रविवारी तो मुद्दामच मागे राहिला. बाकीचे तिवरांच्या वळणापलीकडे गेले होते. डाव्या हाताला जुन्या मिठागराची उघाडी होती, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायची दगडी मोरी. लाकडी झडप कधीच कुजून गेली होती. नीलनं वल्हं मांडीवर ठेवलं आणि पाण्याची बाटली उघडली.

कुणीतरी त्याचा उजवा घोटा धरला.

त्यानं खाली पाहिलं. पाय नेहमीसारखा बोटीत पडला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. त्यावर पाण्याचे चार थेंब. बाकी काही नाही. पण बोटं त्याला कळत होती. गार, जराशी खरखरीत. पकड घट्ट होती, पण दुखवणारी नव्हती. झोपलेल्या माणसाला उठवताना धरावं तशी.

तो ओरडला नाही. ती पकड सुटेपर्यंत श्वाससुद्धा जपून घेत राहिला.

त्या संध्याकाळी वासंतीबाईंनी विचारलं, "नील, इथे कशाचा पट्टा आवळला होता का?"

घोट्याभोवती निळसर वळ होते.

"बोटीचा असेल," तो म्हणाला.

नीलनं स्पर्शाचं सांगितल्यावर डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली. त्याला काहीच कळलं नाही. "मेंदू असे खेळ करतो कधीकधी," ते म्हणाले. नीलनं मान हलवली आणि पुढच्या रविवारी पुन्हा उघाडीपाशी जाऊन थांबला. त्या दिवशी हात पोटरीपर्यंत आला. त्याच्या पुढच्या रविवारी गुडघ्यापर्यंत. घरी येताना गाडीत तो एकटाच हसत होता.

योगिनीच्या हे लक्षात आलं. "नील, त्या उघाडीपाशी नको ना थांबत जाऊ."

"का? गाळ आहे?"

"गाळ सगळीकडेच आहे. आमच्यात तिथं कुणी थांबत नाय. आजी वल्हं आपटूनच पुढं जायची."

"कशाला?"

"विचारलेलं मी. म्हणाली, एकटं असतं ते, त्याला सोबत लागते." एवढं बोलून ती बोटी धुवायला गेली.

त्याच सुमारास टिटवाळ्याहून प्रफुल्ल यायला लागला. टेम्पो चालवायचा. अपघातात मणका गेला, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. बायको कांता त्याला रिक्षानं, लोकलनं, पुन्हा रिक्षानं असं करत आणायची. तो कुणाशी बोलायचा नाही. एकदा फळीवरून सरकताना त्याचा पाय कडेला अडकला, तेव्हा त्यानं स्वतःच्याच मांडीवर मूठ मारली. पुन्हा मारली. कांतानं त्याचा हात धरला.

नीलला ते बघवलं नाही. पाण्यावर गेल्यावर त्यानं बोट जवळ घेतली आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. आपल्याकडचं चांगलं काहीतरी वाटून घ्यावं, एवढाच त्याचा हेतू होता.

"येडा समजतो का मला?" प्रफुल्ल म्हणाला. पण तो आला.

दोन बोटी उघाडीसमोर थांबल्या. वारा पडला होता. मोरीच्या तोंडात पाणी आत-बाहेर होत होतं, पण आवाज येत नव्हता. नील वाट बघत राहिला. आज त्याला काहीच लागेना. मग त्यानं प्रफुल्लकडे पाहिलं.

प्रफुल्लचे डोळे मिटलेले होते. गालांवरून पाणी ओघळत होतं. "अरे," तो पुटपुटला, "अरे, हाय रे. पाय हाय मला."

"बस आता. चल, निघू."

"थांब. त्याला वरून नीट धरता येत नाय." त्यानं दोन्ही हातांनी आपला पाय उचलला आणि बोटीबाहेर पाण्यात सोडला. मग दुसरा. बोट कलली, तरंगते पाइप असूनही कलली, आणि प्रफुल्ल घसरून पाण्यात गेला.

लाइफ जॅकेट अंगात होतं. माणूस बुचासारखा वर यायला हवा होता. प्रफुल्ल हळूहळू खाली जात होता. हनुवटी बुडाली, ओठ बुडाले. त्यानं हात मारले नाहीत. त्याचा चेहरा शांत होता.

नीलनं गळ्यातली शिट्टी फुंकली आणि वाकून त्याच्या जॅकेटचा पट्टा पकडला. त्याच क्षणी त्याच्याही दोन्ही पायांना हात लागले. मांड्यांपर्यंत आले, आणि या वेळी ते ऊबदार होते. गुडघे, पोटऱ्या, पायाचं एकेक बोट, सगळं एकदम जागं झालं. सोडलं तर हे असंच राहील, हे त्याला कुणी न सांगता समजलं. पट्टा फक्त सोडायचा होता.

त्यानं दात आवळले आणि ओढत राहिला.

योगिनी वळणावरून सुसाट आली. तिनं वल्ह्यानं पाण्यावर तीन फटके मारले आणि मोठ्यानं, घरातल्या हट्टी माणसाला दटावावं तशी म्हणाली, "आमचा हाय तो! सोड!"

प्रफुल्ल फसकन वर आला. काठावर आणल्यावर त्यानं पाणी ओकलं, कांताला ढकललं आणि नीलकडे बघून रडत ओरडला, "का काढलंस मला? का काढलंस?"

नीलनं योगिनीला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती रागावली नाही, पण बराच वेळ तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. पुढच्याच आठवड्यात तिनं उतार आणि फळी उघाडीपासून दूर, खाडीच्या वरच्या अंगाला नेली. नील तिथं जायला लागला. त्याच्या पायांना परत कधी काही कळलं नाही.

प्रफुल्ल मात्र यायचा बंद झाला. महिन्याभरानं नीलनं फोन केला. कांतानं उचलला. "भाऊजी, रोज सकाळी नदीवर घेऊन चल म्हणतात. काळूच्या काठाला पाय पाण्यात सोडून बसतात, तासन् तास. इथं नाय, इथं नाय, असं म्हणतात. काय शोधतायत हो?"

नील टिटवाळ्याला गेला. कांतानं त्याची खुर्ची उतारावरून खाली नेली आणि ती मागं जाऊन बसली. प्रफुल्लनं वळूनही पाहिलं नाही.

"मीपण शोधलं," नील म्हणाला. "घरी, बादलीत पाय घालून. दोन आठवडे."

प्रफुल्लनं आता त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुला कुणाचा हात वाटला?"

"ओळखीचा नव्हता."

"मला होता."

नीलनं विचारलं नाही कुणाचा. पलीकडच्या काठावर कुणी म्हशी धूत होतं.

"रविवारी ये," नील म्हणाला. "वरच्या अंगाला. तिथं काही नाही. नुसतं पाणी."

"मग कशाला यायचं?"

"हातांसाठी. खांदे भरून येतात. घरी जाऊन झोप लागते."

प्रफुल्लनं आपले पाय एकेक करून पाण्यातून उचलले. कांता टॉवेल घेऊन आली, तेव्हा त्यानं तो तिच्या हातून घेतला आणि स्वतःच पुसायला लागला, बोटांच्या बेचक्यांतूनही, नीट.

रविवारी तो आला. खांदे भरून येईपर्यंत दोघांनी वल्हं मारलं.