शेवटची बारा पानं

खोटं बोलत असेन तर जीभ झडो माझी. यातला शब्द न् शब्द खरा आहे. हसताय काय, आधी ऐका.

"हे अक्षर तुमचं?" वाचनालयाच्या नव्या साहेबांनी वन्संपुढे पुस्तक आपटलं.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. तिथं फाटकी पुस्तकं शिवायला होत्या, एकतीस वर्षं. मी त्यांचा डबा घेऊन गेले होते, ती दारातच थबकले.

"माझंच," वन्सं म्हणाल्या. "वळणदार आहे ना?"

त्याचं काय, पुस्तक शिवायच्या आधी पानं सुटी व्हायची. ती नीट लावायची तर वाचावीच लागतात, असं वन्संचं म्हणणं. वाचून झालं की मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं मत. एका प्रेमकथेमागे: 'दोघं एकदा धड बोलली असती तर वीस पानांत आटोपलं असतं.' खुनाच्या गोष्टीमागे: 'मला चौथ्या पानावर कळलं. पोलिसांना नेहमीच उशीर.' भुताच्या: 'भूत गरीब आहे. सासूला घाबरा.' एका जाडजूड कादंबरीमागे: 'लेखक हुशार आहे. दर पानाला सांगतो.' आणि एका छोट्याशा गोष्टीमागे नुसतं: 'चहा निवला.'

लोक आधी मागचं पान उघडायचे. एक शिंपी तर इतका हसला की त्याच्याच सदऱ्याचं बटण उडून भिंतीवरच्या घड्याळाला लागलं. तिथं अजून पावणेचारच वाजलेत.

वाचताना वन्सं खोलीत नसायच्याच. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत त्यांच्या मांडीवर यायचं, तिथून जमिनीवर उतरायचं, त्यांना पत्ता नाही. समुद्राची गोष्ट वाचून आल्या त्या दिवशी बाह्या ओल्या. मी स्वतः पिळल्या. पाणी खारट होतं.

"उद्या तपासणी आहे," साहेब म्हणाले. "आजच्या आज सगळं पुसा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

वन्संनी खोडरबर उचललं, जरा निरखलं आणि त्यांच्याच हातात ठेवलं.

"लिहिलं मी. पुसा तुम्ही."

"वन्सं, अहो नोकरी," मी कुजबुजले.

"तू डबा ठेव."

साहेबांनी बाह्या सरसावल्या. पहिलं पुसलं, दुसरं पुसलं. तिसरं हातात घेतलं आणि थांबले. त्यामागे लिहिलं होतं: 'शेवटची बारा पानं हरवलीत. बाई अजून फलाटावर उभी आहे. मीपण.'

साहेबांनी पुस्तक पुढून उघडलं. उभ्यानं दहा पानं वाचली, मग स्टूल ओढलं. दुपार कलली. फाटलेल्या कडेपाशी पोचले तेव्हा अगदी हळू म्हणाले, "बाई, पुढे काय झालं हो?"

"मलाही माहीत नाही," वन्सं म्हणाल्या. "अठरा वर्षं झाली. रोज जरा वेळ जाऊन बघते, आली का गाडी."

साहेबांनी खोडरबर खिशात टाकलं.

आता असं बघू नका माझ्याकडे. बरं, एवढं एक मी रचलं. साहेबांनी काही विचारलं नाही. त्यांनी पुस्तक वाचलंसुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत सगळं पुसलं, आणि वन्सं शेजारी उभ्या राहून रबराचा भुगा ओंजळीत गोळा करत राहिल्या, टेबल घाण व्हायला नको म्हणून.

'पुढे काय झालं हो?' हे विचारलं ते मी, उत्तर मात्र वन्संचंच. घरी चालत येताना.