दुसरा आला आणि आवाज गेला

मी एक बारा इंची सबवूफर बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, घुमतोय. गाण्यातले शब्द माझ्या वाट्याला कधी आलेच नाहीत. ते गाडीच्या दारांतल्या लहान स्पीकरांकडे जातात. माझ्याकडे येतो तो फक्त तळातला घुमारा. त्यामुळे गाणं सुखाचं आहे की दुःखाचं, हे मला आजवर कळलेलं नाही. तेव्हा माझ्या सांगण्यात कुठे गोंधळ वाटला, तर तो तुमचा नाही, माझाच समजा.

माझी घडण साधी आहे. पुढे कागदाचा काळा शंकू, त्याच्या कडेला रबर, मागे तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक जडशीळ चुंबक. पाठीवर तारा जोडायला दोन टोकं, एक अधिक आणि एक उणे. वीज आली की शंकू पुढेमागे होतो आणि हवा ढकलतो. तेवढ्यालाच माणसं आवाज म्हणतात.

दुकानात माझ्या शेजारी पंधरा इंची एक धिप्पाड होता. गिऱ्हाईक आलं की ऑडिओवाला त्याच्यावर थाप मारून म्हणायचा, “जितका मोठा, तितकी जास्त हवा ढकलणार.” माझं तोंड पडायचं. पण तासाभराने दुसऱ्या गिऱ्हाइकाला तोच सांगायचा, “एवढ्या मोठ्याला खोकंही मोठं लागतं, डिकी भरून जाईल. त्यापेक्षा लहान दोन लावा.” मग त्या धिप्पाडाचं तोंड पडायचं. मोठा एक बरा की लहान दोन, हे कोडं मला तेव्हापासून छळतंय.

मला घेतलं ते गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या एका बाईने. गळ्यात टेप आणि बरोबर वडील. धिप्पाडाला तिने टेपने मापलं आणि मान हलवली. तिच्या डिकीत रेक्झिनचे गठ्ठे असायचे. म्हणून माझा नंबर लागला.

वडिलांनी उभी हयात पत्रे कापायच्या कारखान्यात काढली होती. त्या खणखणाटाने त्यांचे कान गेले, पण सगळे नाही. बारीक आवाज आधी गेले आणि जाड तेवढे उरले. घरात कुणी बोललं तर अर्धं कळायचं, अर्ध्यासाठी पुन्हा विचारावं लागायचं. पुन्हा विचारायची लाज वाटते, म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं होतं.

पहिल्या रविवारी लेक त्यांना गावाबाहेरच्या रस्त्याला फिरवायला घेऊन निघाली. ते मागे बसले, सीटला पाठ टेकून. त्यांच्या पाठीमागेच मी. गाणं लागलं, मी घुमलो, आणि ते म्हणाले, “आलं.” त्यांची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली. आणि मग ते बोलायलाच लागले. जुन्या यंत्रांबद्दल, गेलेल्या बायकोबद्दल, लेकीने लहानपणी शाळेला मारलेल्या दांड्यांबद्दल. गाडीत त्यांना कुणाचं उत्तर ऐकायचं नव्हतं, नुसतं सांगायचं होतं. लेकीने उगाचच दोन फेऱ्या जास्त मारल्या.

असे कितीतरी रविवार गेले. मला वाटलं, आता आपलं बरं चाललंय.

पण माणसाला बरं चाललेलं पुरत नाही. “दादा, बाबांना अजून ऐकू यायला हवं,” ती ऑडिओवाल्याला म्हणाली.

“ताई, तस्साच आणखी एक लावा. दोघं मिळून दुप्पट हवा ढकलतील.”

“लावून देता?” असं काही तिने विचारलं नाही. म्हणाली, “अख्ख्या बसची कव्हरं शिवून काढते मी. दोन तारा जोडता येणार नाहीत होय?”

रेक्झिनचे गठ्ठे हलवून बसवलेल्या मोठ्या खोक्यात माझ्या शेजारी माझा धाकटा आला. हुबेहूब मी. मला केवढा आनंद झाला होता.

गाणं लागलं. मी जीव खाऊन हवा पुढे लोटली, आणि ती गेली कुठे, कळेना. कोठीत धान्य टाकावं आणि कोठी खालून फुटकी निघावी, तसं काहीसं. वाटलं, धाकटा आळशी आहे. पण तोही घामाघूम होऊन धापा टाकत होता. दोघंही राबत होतो आणि गाडीत घुमारा म्हणून नव्हता. एक होतो तेव्हा आवाज होता, दोन झालो तर गेला. हे कुठलं गणित?

“ऐकू येतंय ना, बाबा?”

“येतंय की,” ते म्हणाले. पण बोटं गुडघ्यावर नुसती पडून होती.

पुढच्या रविवारी म्हणाले, “जरा वाढव.” तिने वाढवलं. दारांतले स्पीकर किंचाळू लागले. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाले, “राहू दे. माझ्यासाठी कशाला?” आणि परत येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

पोकळ तर तिलाही वाटलं होतं. तिने ऑडिओवाल्याला फोनही केला. “नवीन आहे ताई, वापरून सैल होईल,” तो म्हणाला. दोन लावलेत म्हणजे आवाज वाढलेलाच असणार, याबद्दल त्या दोघांनाही शंका नव्हती. मग कमी काय झालं असणार? वडिलांचे कान. माणसं आपल्या कानांपेक्षा आकड्यावर जास्त विश्वास ठेवतात, हे मी तेव्हा पाहिलं.

शेवटी एका सकाळी, वडील बरोबर असताना, तिने गाडी आपल्या कव्हरांच्या दुकानासमोर लावली आणि डिकी उघडली. “काढूनच टाकते हे,” ती दुकानात शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईला म्हणाली. “बघून बाबांना उगाच वाईट वाटतं.” अखेरचं म्हणून गाणं लावलं आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला आत गेली. मी धाकट्याकडे पाहिलं. निरोप कसा घेतात, तेही मला ठाऊक नव्हतं.

वडील हळूहळू डिकीपाशी आले. कारखान्यात यंत्रावर तळवा ठेवून ते कुठलं चाक झिजलंय ते सांगायचे म्हणे. तीच सवय असावी. एक तळवा त्यांनी माझ्या शंकूवर अलगद टेकला, दुसरा धाकट्याच्या. आणि तसेच उभे राहिले.

“अगं, इकडे ये.”

ती धावत आली.

“हा पुढे येतो तेव्हा तो मागे जातो. एक हवा ढकलतोय, दुसरा तीच ओढून घेतोय. असे दोन गडी मी माझ्या यंत्रावर ठेवले नसते.”

तिने खाली वाकून आमच्या पाठी पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. आयुष्यभर तिने डाव्या-उजव्या सीटची कव्हरं शिवली होती. तिच्या हिशेबी जोडी म्हणजे आरसा. डावीची पट्टी डावीकडे, तर उजवीची उजवीकडे. माझी लाल, म्हणजे अधिकची तार खोक्याच्या बाहेरच्या अंगाला होती, म्हणून धाकट्याचीही तिने बाहेरच्याच अंगाला जोडली. पण आम्ही आरसा नव्हतो, एकसारखे होतो. त्याच्या बाहेरच्या अंगाला उणे टोक होतं.

तिने तारा बदलल्या. वडील मागच्या सीटवर जाऊन बसले.

गाणं लागलं. मी पुढे, धाकटाही पुढे. पाण्याच्या बाटलीचं झाकण थरथरलं, नंबरप्लेट खडखडली. वडिलांची बोटं गुडघ्यावर हलली.

“बाबा, मला वाटलं तुमचे कान गेले.”

“मलाही तसंच वाटलं होतं,” ते म्हणाले. “तुला कसं सांगावं, तेच कळत नव्हतं.”

ती त्यांच्या शेजारी मागेच बसली. गाडी चालवायला कुणी नव्हतं आणि कुणाला कुठे जायचंही नव्हतं.

आता माझी रबराची कड विरत आलीय, पण रविवार चुकत नाही. ऑडिओवाल्याने एकदा मीटर लावून पाहिलं. काटा चढला खरा, पण तो म्हणतो, कानाला दुप्पट वाटण्याइतका नाही. म्हणजे दोन होऊनही दुप्पट नाहीच! मी तर विचार करणं सोडून दिलंय.

तुम्हाला एवढंच सांगतो. तुमच्या घरातलं कुणी वडीलधारं ‘येतंय की’ म्हणून खिडकीबाहेर बघू लागलं, तर त्यांच्या कानांना बोल लावण्याआधी एकदा तारा तपासा.